कोकणातील प्रवाळक्षेत्रांतील मत्स्यविविधता निरीक्षण

कोकणातील प्रवाळक्षेत्रांतील मत्स्यविविधता निरीक्षण म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या आणि खोल समुद्रातील प्रवाळक्षेत्रांत कोणत्या जातींचे मासे आढळतात, ते किती व केवढे आहेत आणि कालांतराने त्यांत कोणता बदल होतो, याची ठरावीक पद्धतीने पुनःपुन्हा केलेली नोंद होय. महाराष्ट्रात या दृष्टीने दोन क्षेत्रे महत्त्वाची आहेत. पहिले सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण सागरी अभयारण्य आणि दुसरे विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेली आंग्रिया बँक.

एखाद्या क्षेत्रातील माशांच्या जातींची यादी करणे आणि त्या क्षेत्राचे निरीक्षण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यादीवरून तेथे काय आढळले एवढे समजते. निरीक्षणात त्याच जागी, त्याच पद्धतीने आणि शक्यतो त्याच ऋतूत पुन्हा गणना केली जाते. त्यामुळे दोन नोंदींतील फरक हा माशांतील फरक आहे की मोजण्याच्या रीतीतील, हे ओळखता येते. मासेमारी, पर्यटन आणि समुद्राच्या पाण्याची तापमानवाढ यांचा परिणाम वेगवेगळा ओळखण्यासाठी अशा तुलनायोग्य नोंदींची आवश्यकता असते.

पार्श्वभूमी

चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रवाळभित्तींचे तीन मुख्य प्रकार मांडले: किनाऱ्याला लागून वाढणारी अनुतट भित्ती, किनाऱ्यापासून खाजणाने विलग झालेली रोधक भित्ती आणि कंकणाकृती प्रवाळद्वीप. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतची ग्रेट बॅरियर रीफ ही जगातील सर्वांत मोठी रोधक भित्तींची मालिका असून ती सुमारे २,३०० किमी लांब आहे. तेथे माशांच्या सुमारे १,५०० जाती आढळतात. प्रवाळभित्तीवरील मासे मोजण्याच्या आजच्या अनेक पद्धती अशा स्वच्छ, उबदार आणि दूरवर दिसू शकणाऱ्या पाण्यात घडल्या.

भारतातील प्रमुख प्रवाळक्षेत्रे कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान व निकोबार बेटे येथे आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रोधक भित्ती नाही. सह्याद्रीतून वाहत येणाऱ्या नद्यांचा गाळ आणि पावसाळ्यातील गोडे पाणी यांमुळे येथे सलग प्रवाळभित्ती वाढण्यास अनुकूल परिस्थिती नसते. तरीही खडकाळ तळावर प्रवाळांच्या वसाहती विखुरलेल्या स्वरूपात आढळतात. सय्यद झहूर कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ साली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या नोंदीमुळे कोकणातील प्रवाळांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

कोकणातील प्रवाळक्षेत्रे

मालवण सागरी अभयारण्य

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित करण्यात आले. हे महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य होय. त्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २९.१२ चौ. किमी असून त्यापैकी सुमारे ३.१८ चौ. किमी गाभा क्षेत्र आणि उर्वरित २५.९४ चौ. किमी परिघीय क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासचे पाण्याखालील खडक गाभा क्षेत्रात येतात.

येथील प्रवाळ उथळ पाण्यात वाढतात. पोराइट्स, टर्बिनेरिया, फॅविटिस, गोनिअ‍ॅस्ट्रिया आणि सायफॅस्ट्रिया या प्रजातींचे गोलसर, पसरट किंवा खडकाला चिकटून वाढणारे प्रवाळ येथे आढळतात. गाळ आणि तापमानातील चढउतार सहन करण्याची क्षमता या प्रकारांत तुलनेने अधिक असते. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी येथील प्रवाळांच्या विरंजनाची, तसेच २०१६ साली पोराइट्स प्रवाळांच्या सांगाड्याच्या वाढीतील विकृतींची नोंद प्रसिद्ध केली आहे. प्रवाळांच्या अशा स्थितीचा परिणाम त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माशांवर होत असल्याने प्रवाळांचे व माशांचे निरीक्षण एकत्रितपणे करणे उपयुक्त ठरते.

आंग्रिया बँक

आंग्रिया बँक ही समुद्राच्या तळावरून उंचावलेली, पूर्णपणे पाण्याखाली असलेली पठारसदृश भूरचना आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. ती विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी अंतरावर असून तिची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४० किमी व पूर्व-पश्चिम रुंदी कमाल सुमारे १५ किमी आहे. तिचा सर्वांत उथळ भाग सुमारे २० मीटर खोलीवर आहे. नद्यांच्या गाळापासून दूर असल्यामुळे येथील पाणी किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या तुलनेत बरेच स्वच्छ असते आणि प्रवाळांची वाढही अधिक विस्तृत आहे. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया ही संस्था आणि कोची येथील सागरी सजीव संसाधने व परिस्थितिकी केंद्र यांनी येथील जीवसृष्टीच्या अभ्यासासाठी मोहिमा काढल्या आहेत.

ही बँक किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक जलक्षेत्राबाहेर, भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. त्यामुळे तिच्या संरक्षणाचा व तेथील मासेमारीचा प्रश्न राज्य शासनाच्या कक्षेपुरता मर्यादित राहत नाही.

शेजारील क्षेत्रे

गोव्यातील मुरगाव बंदराजवळील ग्रँड आयलंड आणि कर्नाटकातील मुरुडेश्वरसमोरील नेत्राणी बेट येथेही खडकांवर प्रवाळ वाढतात. ही ठिकाणे आणि मालवण यांतील पाण्याची व तळाची परिस्थिती काही अंशी सारखी असल्याने या किनारपट्टीवर एकाच पद्धतीने केलेल्या नोंदी परस्परांशी ताडून पाहता येतात. कर्नाटकातील मालपेसमोरच्या खोल समुद्रातील गवेषणी बँकेचा शोध १९७० च्या दशकात ‘गवेषणी’ या संशोधन नौकेमुळे लागला व तिला त्या नौकेचेच नाव देण्यात आले.

मासे व त्यांचे कार्यगट

प्रवाळक्षेत्रातील माशांची विविधता केवळ जातींच्या संख्येने व्यक्त होत नाही. कोणता मासा काय खातो व तळाच्या रचनेवर कोणता परिणाम करतो, यांनुसार त्यांचे कार्यगट पाडले जातात. निरीक्षणात प्रामुख्याने पुढील गटांची स्वतंत्र नोंद ठेवली जाते.

शैवालभक्षक मासे: पोपटमासे, सशासारखे तोंड असलेले सिगॅनस प्रजातीचे मासे आणि शल्यमासे खडकावरील शैवाल खातात. शैवाल मर्यादित राहिल्याने प्रवाळांच्या पिल्लांना खडकावर जागा मिळते. हे मासे अतिरिक्त प्रमाणात पकडले गेल्यास मृत प्रवाळांवर शैवालाचा थर साचतो आणि प्रवाळांचे पुनरुज्जीवन मंदावते.

प्रवाळभक्षक मासे: फुलपाखरू माशांच्या अनेक जाती जिवंत प्रवाळांचे जीवक खातात. प्रवाळांचे विरंजन होऊन ते मेल्यास अशा जातींची संख्या लवकर घटते. त्यामुळे त्या प्रवाळांच्या आरोग्याच्या निदर्शक मानल्या जातात. मात्र या कुलातील सर्व जाती केवळ प्रवाळांवर जगत नाहीत, म्हणून जातीपर्यंत ओळख पटविणे आवश्यक असते.

मोठे शिकारी मासे: हेकरू किंवा गोब्रा या नावांनी ओळखले जाणारे एपिनेफेलस प्रजातीचे मासे, तांबोशी व तिच्या कुलातील इतर मासे, तसेच मोरी म्हणजे शार्क हे या गटात येतात. त्यांना बाजारात चांगली मागणी असल्याने मासेमारीचा परिणाम सर्वप्रथम त्यांच्या आकारावर व संख्येवर दिसून येतो. हेकरूच्या अनेक जातींत मासा प्रथम मादी असतो व मोठा झाल्यावर त्याचे नरात रूपांतर होते. त्यामुळे केवळ मोठे मासे पकडले गेल्यास प्रजननात नरांचा तुटवडा निर्माण होऊ शकतो.

प्लवकभक्षक व लहान मासे: पट्टेदार अब्युडेफ्डफ, निओपोमासेंट्रस आणि त्यांच्यासारखे थव्याने राहणारे मासे संख्येने सर्वाधिक असतात. एकूण गणनेत त्यांचा वाटा मोठा असल्याने त्यांची संख्या इतर गटांच्या संख्येत मिसळल्यास मोठ्या माशांतील घट झाकली जाते.

स्थानिक नावांचा उपयोग करताना काळजी घ्यावी लागते. बाजारातील एकच नाव अनेक जातींसाठी वापरले जाते, तर एकाच जातीला रत्नागिरी, मालवण आणि गोवा येथे निराळी नावे असू शकतात. म्हणून नोंदवहीत स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नाव आणि शक्य असल्यास छायाचित्र ठेवले जाते.

निरीक्षणाच्या पद्धती

छेदपट्टा पद्धती

प्रवाळभित्तीवरील मासे न पकडता पाण्याखाली डोळ्यांनी मोजण्याची पद्धत व्हर्नन ब्रॉक यांनी हवाई येथील कामाच्या आधारे १९५४ साली प्रसिद्ध केली. झाक इव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ साली विकसित केलेल्या श्वसनयंत्रामुळे पाणबुड्याला पाण्याखाली बराच काळ राहणे शक्य झाले होते. ब्रॉक यांच्या पद्धतीचे सुधारित रूप आज सर्वाधिक प्रचलित आहे.

या पद्धतीत तळावर मोजपट्टी अंथरली जाते व पाणबुड्या तिच्यावरून ठरावीक वेगाने पोहत जाऊन दोन्ही बाजूंच्या निश्चित रुंदीतील मासे मोजतो. ५० मीटर लांब व ५ मीटर रुंद पट्ट्याचे क्षेत्रफळ २५० चौ. मीटर होते. मोठे व चपळ मासे अशा रुंद पट्ट्यात, तर खडकाजवळ राहणारे लहान मासे १ मीटर रुंदीच्या पट्ट्यात मोजण्याची प्रथा आहे. चपळ मासे पाणबुड्याला पाहून दूर जातात, म्हणून त्यांची गणना प्रथम केली जाते. प्रत्येक माशाची जात, संख्या व अंदाजे लांबी जलरोधक पाटीवर लिहिली जाते. पाण्याखाली वस्तू प्रत्यक्षापेक्षा मोठ्या व जवळ भासत असल्याने निरीक्षकांना ज्ञात लांबीच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतींवर लांबीचा अंदाज घेण्याचा सराव दिला जातो.

स्थिर बिंदू पद्धती

जेम्स बोनसॅक व स्कॉट बॅनरॉट यांनी १९८६ साली मांडलेल्या या पद्धतीत पाणबुड्या एकाच जागी राहून स्वतःभोवती ७.५ मीटर त्रिज्येच्या काल्पनिक दंडगोलातील मासे नोंदवितो. पहिल्या पाच मिनिटांत दिसलेल्या जातींची यादी केली जाते आणि त्यानंतर प्रत्येक जातीची संख्या व आकार लिहिला जातो. उंचसखल खडकांच्या भागात, जेथे लांब मोजपट्टी अंथरणे कठीण असते, तेथे ही पद्धत सोयीची ठरते.

आमिष व कॅमेरा

चौकटीवर कॅमेरा बसवून त्याच्यासमोर तारलीसारख्या तेलकट माशांचे आमिष ठेवले जाते आणि ही चौकट साधारणतः एक तास तळावर ठेवली जाते. एकच मासा पुनःपुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊ शकतो, म्हणून चित्रणातील एकाच क्षणी दिसलेली त्या जातीची कमाल संख्या ग्राह्य धरली जाते. पाणबुड्यांना टाळणारे शार्क व मोठे शिकारी मासे या पद्धतीने चांगले नोंदविता येतात. अशाच कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ५८ देशांतील ३७१ प्रवाळभित्तींचा अभ्यास करण्यात आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार सुमारे २० टक्के भित्तींवर एकही शार्क आढळला नाही.

आंग्रिया बँकेसारख्या ठिकाणी ही पद्धत विशेष उपयोगी आहे. साध्या हवेवर बुडी मारणाऱ्या पाणबुड्याला ३० मीटर खोलीवर सुमारे २० मिनिटेच थांबता येते. अधिक काळ थांबल्यास वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते. कॅमेऱ्याला ही मर्यादा नसते.

पर्यावरणीय डीएनए

मासे आपल्या त्वचेच्या पेशी, चिकट स्राव व विष्ठा यांद्वारे पाण्यात डीएनए सोडतात. पाण्याचा नमुना गाळून त्यातील डीएनएवरून जाती ओळखता येतात. माशांसाठी मासाकी मिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली विकसित केलेले ‘मायफिश’ हे प्रारंभक प्रचलित आहेत. कपारीत लपणारे, रात्री बाहेर पडणारे किंवा गढूळ पाण्यामुळे न दिसणारे मासे यात नोंदले जाऊ शकतात. मात्र यावरून माशांची लांबी किंवा वय समजत नाही, प्रवाहाबरोबर दुसरीकडील डीएनए वाहून येण्याची शक्यता असते, आणि संदर्भ संग्रहात ज्या जातीचा डीएनए नाही ती जात नेमकी ओळखता येत नाही.

मासळी उतरविण्याच्या नोंदी

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ही १९४७ साली स्थापन झालेली संस्था देशातील मासळी उतरविण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने सागरी मत्स्योत्पादनाचा अंदाज करते. या नोंदी दीर्घकालीन असल्याने मोलाच्या आहेत. परंतु मासा नेमक्या कोणत्या खडकावर पकडला गेला हे त्यांतून समजत नाही आणि बाजारात न येणाऱ्या जाती त्यांत येत नाहीत. जाळी, नौका व मासेमारीचे दिवस बदलले तरी उतरविलेल्या मासळीचे प्रमाण बदलते. त्यामुळे त्या पाण्याखालील गणनेला पूरक ठरतात, पर्याय ठरत नाहीत.

कोकणातील परिस्थितीनुसार करावे लागणारे बदल

स्वच्छ पाण्यातील रोधक भित्तीवर घडलेली पद्धत कोकणच्या किनाऱ्यावर आहे तशी वापरल्यास चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. याचे मुख्य कारण पाण्याची पारदर्शकता हे आहे. पट्ट्याच्या मध्यभागी पोहणाऱ्या निरीक्षकाने ५ मीटर रुंदीच्या पट्ट्यातील मासे मोजावयाचे असतील, तर त्याला दोन्ही बाजूंस अडीच मीटरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे. पाण्यातून दोनच मीटर दिसत असेल, तर प्रत्यक्षात ४ मीटर रुंदीचाच पट्टा पाहिला जातो व २५० चौ. मीटरऐवजी २०० चौ. मीटर क्षेत्र मोजले जाते. पुढील वर्षी पाणी स्वच्छ असल्यास, मासे तेवढेच असूनही गणना २५ टक्क्यांनी वाढलेली दिसेल. उलट क्रमाने स्वच्छ वर्षानंतर गढूळ वर्ष आल्यास न झालेली घट नोंदली जाईल.

हा दोष टाळण्यासाठी पट्ट्याची रुंदी सर्वांत गढूळ दिवशीही पूर्ण दिसेल एवढीच, म्हणजे उदाहरणार्थ २ मीटर, ठेवली जाते आणि ती पुढे बदलली जात नाही. प्रत्येक गणनेपूर्वी किती अंतरावरील वस्तू दिसते हे मोजून नोंदविले जाते व किमान मर्यादेपेक्षा कमी दिसत असल्यास त्या दिवसाची गणना रद्द केली जाते. अरुंद पट्ट्यात मासे कमी येतात, म्हणून पट्ट्यांची संख्या वाढवावी लागते.

दुसरा प्रश्न ऋतूचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे, लाटा आणि गढूळपणा यांमुळे पाण्याखालील काम जवळजवळ थांबते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पावसाळ्यानंतर माशांची पिल्ले खडकांवर आलेली असू शकतात. त्यामुळे एका वर्षी ऑक्टोबरात व दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये केलेल्या गणनांची थेट तुलना करणे योग्य ठरत नाही. भरती-ओहोटीची अवस्था व दिवसाची वेळ यांचाही माशांच्या हालचालींवर परिणाम होतो, म्हणून ती प्रत्येक नोंदीबरोबर लिहिली जाते.

तिसरा प्रश्न पर्यटनाचा आहे. मालवण व तारकर्ली येथे पाण्याखालील पर्यटन वाढले असून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र तारकर्ली येथे आहे. पर्यटकांना मासे दिसावेत म्हणून जेथे खाद्य टाकले जाते, तेथे काही धीट जाती मोठ्या संख्येने एकवटतात. अशा जागेवरील गणना आसपासच्या खडकांची प्रतिनिधी ठरत नाही. म्हणून पर्यटनाच्या जागा व त्यांपासून दूर असलेल्या जागा यांची निवड स्वतंत्रपणे केली जाते.

नोंदींचे विश्लेषण

जातींची संख्या हे विविधतेचे सर्वांत सोपे माप आहे, परंतु ते केलेल्या श्रमावर अवलंबून असते. अधिक पट्टे मोजल्यास अधिक जाती सापडतात. त्यामुळे पट्ट्यांची संख्या वाढत जाताना नव्या जाती किती मिळतात याचा आलेख काढला जातो. आलेख सपाट होऊ लागला म्हणजे दिवसा दिसणाऱ्या बहुतेक जाती नोंदल्या गेल्या असे मानता येते.

संख्येबरोबर जातींमधील समतोलही पाहिला जातो. त्यासाठी क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या सिद्धांतावर आधारित निर्देशांक वापरतात. उदाहरणार्थ, दोन खडकांवर प्रत्येकी १० जातींचे १०० मासे आहेत असे समजू. पहिल्यावर प्रत्येक जातीचे १० मासे असतील तर निर्देशांक सुमारे २.३० येतो. दुसऱ्यावर एका जातीचे ९१ व उरलेल्या नऊ जातींचा प्रत्येकी एक मासा असेल तर तो सुमारे ०.५० येतो. दोन्ही खडकांच्या जातींची यादी मात्र सारखीच दिसेल.

माशांच्या लांबीवरून त्यांचे वजन काढता येते. माशाचे वजन साधारणपणे त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. प्रत्येक जातीसाठीचे नेमके गुणांक ‘फिशबेस’ या माहितीसंग्रहात उपलब्ध आहेत. या हिशेबाने ४० सेंमी लांबीचा एक हेकरू २० सेंमीच्या सुमारे आठ हेकरूंएवढ्या वजनाचा असतो. म्हणून माशांची संख्या स्थिर असतानाही त्यांची सरासरी लांबी घटत असेल, तर मत्स्यसाठा वेगाने कमी होत असतो. लांबी न लिहिता केवळ संख्या नोंदविल्यास ही घट लक्षात येत नाही.

नोंदी इतर अभ्यासकांना वापरता याव्यात म्हणून त्या समान स्वरूपात जतन केल्या जातात. सागरी जीवांच्या जागतिक माहितीसंग्रहाशी जोडलेले भारतीय केंद्र, इंडोबिस, कोची येथील सागरी सजीव संसाधने व परिस्थितिकी केंद्रातून चालविले जाते. मासे न आढळलेल्या पट्ट्यांची नोंद वगळली जात नाही, कारण शून्य हीदेखील माहितीच असते.

दीर्घकालीन निरीक्षणाची उदाहरणे

ग्रेट बॅरियर रीफ

टाउन्सव्हिल येथील ऑस्ट्रेलियन सागरी विज्ञान संस्था १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या भित्तींचे सर्वेक्षण करीत असून १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून कायम खुणा केलेल्या जागांवर माशांची गणना केली जाते. प्रत्येक निवडक भित्तीवर तीन जागा व प्रत्येक जागी ५० मीटरचे पाच पट्टे अशी रचना आहे. १ जुलै २००४ रोजी या सागरी उद्यानातील मासेमारीबंदीचे क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते ते सुमारे ३३ टक्के करण्यात आले. निरीक्षणातून बंदी असलेल्या भित्तींवर मासेमारीचे प्रमुख लक्ष्य असलेले कोरल ट्राउट अधिक व मोठे असल्याचे दिसून आले. बंदीपूर्वीच्या नोंदी हाती असल्यामुळे हा परिणाम तपासता आला.

सुमिलॉन व आपो बेटे

फिलिपिन्समधील ही दोन लहान बेटे मालवणच्या दृष्टीने अधिक जवळची आहेत, कारण तेथेही पारंपरिक मासेमारी करणारी गावे प्रवाळक्षेत्राला लागून आहेत. सुमिलॉन येथे १९७४ साली व आपो येथे १९८२ साली संरक्षित क्षेत्र निर्माण करण्यात आले. अँजेल अल्काला व गॅरी रस यांनी १९८३ पासून दोन्ही ठिकाणी माशांची नियमित गणना केली. सुमिलॉनचे संरक्षण १९८४ साली ढासळल्यावर संरक्षित भागातील मोठे शिकारी मासे घटले आणि लगतच्या मच्छीमारांना मिळणारी मासळीही कमी झाली. आपो येथे स्थानिक समाजाने संरक्षण टिकविले व मोठ्या शिकारी माशांचे प्रमाण वर्षानुवर्षे वाढत गेले. ही वाढ मंद असल्याने तीन-चार वर्षांच्या नोंदींतून ती पुरेशी स्पष्ट झाली नसती.

लक्षद्वीप

भारतात नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या संशोधकांनी १९९८ च्या तीव्र प्रवाळ विरंजनापासून लक्षद्वीपमधील प्रवाळभित्तींचा दीर्घकालीन अभ्यास चालविला आहे. त्यानंतर २०१० व २०१६ सालीही तेथे विरंजनाच्या मोठ्या घटना घडल्या. सलग नोंदींमुळे दोन घटनांच्या दरम्यान भित्ती किती सावरली याची तुलना करता येते.

व्यवस्थापनातील महत्त्व

मालवण सागरी अभयारण्याच्या घोषणेपासून स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध दर्शविला आहे. उपजीविकेच्या पाण्यात निर्बंध येतील ही त्यामागील मुख्य भीती आहे. रापण ओढणारे व लहान होड्यांतून जाळी टाकणारे मच्छीमार माशांच्या घटीसाठी पर्ससीन व यांत्रिक नौकांच्या मासेमारीकडे बोट दाखवितात. गाळ, सांडपाणी, पर्यटन आणि पाण्याचे वाढते तापमान ही अन्य संभाव्य कारणेही आहेत. या कारणांचे परिणाम एकसारखे नसतात. मासेमारीमुळे प्रथम मोठे व बाजारमूल्य असलेले मासे घटतात, तर विरंजनामुळे प्रवाळांवर जगणारे, न विकले जाणारे मासेही घटतात. गाळामुळे किनाऱ्याजवळील जागा दूरच्या जागांपेक्षा आधी बाधित होतात. कार्यगट, आकार व जागा यांनुसार केलेले निरीक्षण असेल तरच ही कारणे वेगळी करता येतात. असे निरीक्षण नसल्यास निर्बंधाचा भार ज्या गटाचा दोष नाही त्याच्यावर पडण्याचा धोका असतो.

निरीक्षणात मच्छीमारांचा सहभाग याच कारणाने महत्त्वाचा मानला जातो. पाण्याखालील खडकांच्या जागा, पिल्ले येण्याचा हंगाम आणि पूर्वी मिळणाऱ्या पण आता दुर्मीळ झालेल्या जाती यांचे त्यांचे ज्ञान जागांच्या निवडीसाठी उपयोगी पडते. गणनेत सहभागी असलेल्या व्यक्तींना तिच्या निष्कर्षांची पारख करता येते. जगातील काही कार्यक्रमांत प्रशिक्षित स्वयंसेवकही काम करतात. १९९६ साली सुरू झालेल्या रीफ चेकमध्ये सहज ओळखता येणारे मोजकेच निदर्शक मासे मोजले जातात, तर २००७ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या रीफ लाइफ सर्व्हेमध्ये स्वयंसेवक जातीपर्यंत ओळख पटवितात.

महाराष्ट्र शासनाने २०१२ साली कांदळवन कक्षाची स्थापना केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील जैवविविधतेच्या संवर्धनाचा प्रकल्पही राबविण्यात आला. अशा प्रकल्पांचा कालावधी ठरावीक असतो. प्रवाळक्षेत्रातील बदलांची गती मात्र दशकांत मोजली जाते. म्हणून प्रकल्प संपल्यानंतरही पुढील निरीक्षकाला तीच गणना करता यावी यासाठी जागांचे अक्षांश-रेखांश, कायम खुणा, पट्ट्याची रुंदी, ऋतू, वेळ आणि मूळ नोंदवह्या जतन करणे आवश्यक ठरते.

कायदेशीर बाबी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात संशोधन, छायाचित्रण किंवा पर्यटन यांसाठी प्रवेश करण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. २००१ साली कठीण प्रवाळ, व्हेल शार्क, समुद्रघोडे, शार्क व पाकट यांच्या काही जाती, तसेच महाकाय हेकरू यांचा या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश करण्यात आला. प्रादेशिक जलक्षेत्रातील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार होते. दृश्य गणना, कॅमेरा व पर्यावरणीय डीएनए या पद्धतींत मासे मारावे लागत नाहीत, त्यामुळे संरक्षित क्षेत्रात त्यांना प्राधान्य दिले जाते.

हे सुद्धा पहा

मालवण सागरी अभयारण्य
आंग्रिया बँक
सिंधुदुर्ग किल्ला
प्रवाळभित्ती
प्रवाळ विरंजन
ग्रेट बॅरियर रीफ
राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था